विद्यापीठात नव्याने रुजू झालात? निर्णय कुठे होतात ते आधी समजून घ्या

विद्यापीठाच्या विभागात साहाय्यक प्राध्यापक म्हणून रुजू झालात की ओळखपत्र, बायोमेट्रिक, पगाराचे खाते, वेळापत्रक हे सगळे कोणी ना कोणी समजावून देते. अभ्यासक्रम कोण बदलतो, प्रयोगशाळेचे पैसे कोणाच्या सहीने सुटतात, पीएच.डी.चे विषय कुठे अडकतात आणि ‘वरून आलंय’ म्हणतात ते नेमके कुठून येते, हे सांगायला मात्र कोणाला वेळ नसतो. मग काही जण ‘इथे सगळं राजकारणच आहे’ म्हणत दार लावून घेतात, आणि काही जण बारीकसारीक कामासाठीही कुलगुरूंच्या दालनाबाहेर जाऊन बसतात. दोघांचीही कामे होत नाहीत.

माझा सल्ला असा की माणूस शोधण्याआधी मंडळ शोधा. तुमचा विषय कुठल्या मंडळापुढे, कुठल्या कागदावर आणि कुठल्या महिन्यात जातो हे कळले की निम्मे काम झाले. उरलेले निम्मे म्हणजे तो कागद नीट लिहिणे.

हा लेख महाराष्ट्रातल्या अकृषी सार्वजनिक विद्यापीठांबद्दल आहे: मुंबई, पुणे, नागपूर, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, जळगाव, नांदेड, सोलापूर वगैरे. आयआयटी, आयसर, अभिमत विद्यापीठे, वर्ध्याचे केंद्रीय हिंदी विद्यापीठ, नाशिकची आरोग्यविज्ञान आणि मुक्त विद्यापीठे यांचे कायदे वेगळे. गोवा विद्यापीठाचाही वेगळा. तिथे व्यवस्थापन परिषद नसून कार्यकारी परिषद आहे. तिथल्यांनी हे वाचताना नावे बदलून घ्यावीत, कागदाची रीत बरीचशी सारखीच आहे.

पायरी पहिली : कायद्याची प्रत जवळ ठेवा

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६. हा १ मार्च २०१७ पासून लागू झाला आणि त्याने १९९४ चा कायदा मागे टाकला. पीडीएफ मराठीत आणि इंग्रजीत सहज मिळते. सगळा वाचू नका, झोप येईल. विद्यापीठाचे अधिकारी आणि अधिकार मंडळे ही दोन प्रकरणे वाचा. एका रविवारचे काम आहे. कलम २८ अधिसभेचे, ३० व्यवस्थापन परिषदेचे, ३२ विद्या परिषदेचे, ४० अभ्यास मंडळाचे. प्रत्येकाच्या पुढचे कलम त्या मंडळाच्या अधिकारांचे. एवढे माहीत असलेला प्राध्यापक विभागात दुर्मीळ असतो, त्यामुळे दोन वर्षांत लोक तुम्हालाच विचारायला येऊ लागतील.

कायद्याच्या खाली परिनियम येतात, त्यांना कुलपतींची मान्यता लागते. त्याखाली अध्यादेश, ते व्यवस्थापन परिषदेने करायचे. सगळ्यात खाली रोजची परिपत्रके आणि कार्यालयीन आदेश. खालच्याने वरच्याला ओलांडायचे नाही, हा साधा नियम. पण व्यवहारात ‘असा नियम आहे’ म्हणून तुम्हाला जे सांगितले जाते त्यातले बरेचसे या चारांपैकी कशातच नसते. ती त्या टेबलावरची जुनी वहिवाट असते. म्हणून नम्रपणे विचारायला शिका: ‘मॅडम, हे कुठल्या परिपत्रकात आहे? मला एक प्रत मिळेल का?’ भांडणाचा सूर नको. परिपत्रक असेल तर तुम्हाला माहिती मिळाली. नसेल तर कक्ष अधिकाऱ्यालाही ते कळले.

पायरी दुसरी : मंडळे आणि माणसे ओळखा

कुलपती म्हणजे राज्यपाल. त्यांना मानाचे पद समजू नका. कायद्याशी विसंगत वाटलेला कुठल्याही मंडळाचा ठराव ते स्थगित करू शकतात, बदलू शकतात. कुलगुरू पाच वर्षांसाठी किंवा वयाच्या ६५ वर्षांपर्यंत, जे आधी होईल तोवर. त्यांच्याखाली प्र-कुलगुरू, कुलसचिव, परीक्षा व मूल्यमापन मंडळाचे संचालक, वित्त व लेखा अधिकारी आणि चार विद्याशाखांचे अधिष्ठाता. विद्याशाखा चारच: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानवविज्ञान, आंतरविद्याशाखीय अभ्यास. १९९४ च्या कायद्यात अधिष्ठाता निवडून यायचे. आता ते निवड समितीमार्फत नेमलेले पूर्णवेळ अधिकारी असतात. जुने लोक ‘डीनला मतं मागायला यावं लागायचं’ असे म्हणतात ते त्यामुळे. आताच्या अधिष्ठात्याला तुमच्या मताची गरज नाही, तुमचा प्रस्ताव बिनचूक असण्याची आहे.

अधिसभा, म्हणजे सिनेट, वर्तमानपत्रात सगळ्यात जास्त दिसते. अध्यक्ष कुलपती, प्रत्यक्षात बैठक बहुतेक वेळा कुलगुरू चालवतात. अर्थसंकल्प इथे मांडला जातो, म्हणून मार्चमधली बैठक गाजते. इथे निवडून आलेले १० प्राचार्य, ६ संस्थाचालक, महाविद्यालयांचे १० शिक्षक, विद्यापीठ विभागांचे ३ शिक्षक आणि १० नोंदणीकृत पदवीधर असतात. शिवाय पदसिद्ध आणि नामनिर्देशित. आकडे मुद्दाम दिले. विद्यापीठाच्या विभागात शिकवणाऱ्यांचे या सभागृहातले बळ तीन आहे. ‘सिनेटमध्ये आपला आवाज उठवू’ असे कोणी म्हणाले की हा तीनचा आकडा आठवा.

निवडून आलेले विरुद्ध नेमलेले हा वाद नवा नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ चे. १९०४ च्या इंग्रजी कायद्याने तिथल्या सिनेटमधल्या फेलोंची संख्या शंभराच्या आत आणली आणि निवडून येणाऱ्यांसाठी फक्त २० जागा ठेवल्या. त्या विधेयकाला कायदेमंडळात कडाडून विरोध करणारे गोपाळ कृष्ण गोखले स्वतः फर्ग्युसनमध्ये शिकवलेले शिक्षक होते. त्याआधी न्यायमूर्ती रानडे देशी भाषांना अभ्यासक्रमात पुन्हा जागा मिळावी म्हणून याच विद्यापीठाच्या मंडळांत वर्षानुवर्षे खटपट करत राहिले. तुमचा प्रस्ताव दोन वर्षे रखडला तर निदान संगत चांगली आहे.

व्यवस्थापन परिषद ही कार्यकारी आणि धोरण ठरवणारी मुख्य संस्था. कुलगुरू अध्यक्ष. पैसा, नेमणुका, इमारती, करार सगळे इथे. अधिसभा आपल्यातले काही सदस्य निवडून या परिषदेवर पाठवते. सिनेटच्या निवडणुकीला एवढी चुरस का असते याचे खरे उत्तर हे आहे.

विद्या परिषद शैक्षणिक बाबतीत सर्वोच्च. अभ्यासक्रम, परीक्षेचे निकष, संशोधनाचा दर्जा. आणि तिच्या पोटात विद्याशाखा, विद्याशाखांच्या पोटात अभ्यास मंडळे, म्हणजे बीओएस. नव्या माणसाने लक्ष द्यावे ते इथे. अभ्यास मंडळात विद्यापीठातला विभागप्रमुख असतो, कुलगुरूंनी नामनिर्देशित केलेले शिक्षक असतात, महाविद्यालयांच्या विभागप्रमुखांतून निवडून आलेले तिघे असतात आणि बाहेरचे तज्ज्ञ घेतलेले असतात. अध्यक्ष सदस्यांमधून निवडला जातो. अधिसभेत तासभर भाषण करून जे होत नाही ते इथे पाच-सहा जणांच्या बैठकीत एका दुपारी होऊन जाते. तुमच्या विषयाचे अभ्यास मंडळ कोणाचे आहे, अध्यक्ष कोण, मागच्या तीन बैठकांची इतिवृत्ते कुठे आहेत, हे पहिल्या महिन्यातच माहीत करून घ्या.

अधिकार मंडळांची मुदत पाच वर्षांची, १ सप्टेंबरपासून मोजलेली. मुदत संपून नवी मंडळे बसेपर्यंत बऱ्याच गोष्टी लटकतात. तुम्ही अशा काळात रुजू झाला असाल तर नवा प्रस्ताव रेटण्यापेक्षा तो लिहून तयार ठेवा.

पायरी तिसरी : एक विषय शेवटपर्यंत नेऊन पाहा

उदाहरण घेऊ. तुम्ही भूगोल विभागात आहात आणि एम.ए.च्या तिसऱ्या सत्रात ‘शहरी पूर आणि जमीनवापर’ असा ऐच्छिक विषय सुरू करायचा आहे. विषय चांगला आहे, विद्यार्थ्यांना हवा आहे. पुढे काय?

पहिली बैठक विभागाची, आणि खरी अडचण इथेच येते. विषयाच्या गुणवत्तेवर सहसा कोणी आक्षेप घेत नाही. भीती असते वर्कलोडची. नवा ऐच्छिक विषय आला की जुन्या एखाद्या विषयाचे विद्यार्थी कमी होणार. तो विषय शिकवणाऱ्या सहकाऱ्याचे तास कमी होणार. तासांवर पदे मोजली जातात, पदांवर बिंदुनामावली, म्हणजे आरक्षणाचा क्रमतक्ता, बसते, आणि रिक्त पद एकदा गोठले की परत मिळवायला मंत्रालयापर्यंत जावे लागते. म्हणून विभागाच्या बैठकीआधी त्या सहकाऱ्याकडे जा. ‘सर, हा विषय आपण दोघं मिळून घेऊ या का? जमीनवापराचं युनिट तुमचं, पुराचं माझं.’ हे न करता थेट बैठकीत प्रस्ताव मांडला की विरोध होत नाही, पण विषय ‘पुढील बैठकीत घ्यावा’ असा जातो. पुढील बैठक कधी, ते कोणी सांगत नाही.

विभागातून अभ्यास मंडळाकडे. इथे ठरलेला नमुना असतो: उद्दिष्टे, निष्पत्ती, क्रेडिट, तास, घटकवार मजकूर, अंतर्गत आणि सत्रान्त मूल्यमापन, संदर्भ. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणासाठी राज्य शासनाने २०२३ साली शासन निर्णय काढून क्रेडिटची चौकट ठरवून दिली आहे. तुमचा विषय त्या चौकटीत कुठल्या खणात बसतो हे पहिल्याच ओळीत लिहा. मंडळातले महाविद्यालयीन सदस्य एक प्रश्न हमखास विचारतील: ‘हे आमच्या तालुक्याच्या कॉलेजात कोण शिकवणार?’ प्रश्न रास्त आहे. विषय फक्त विद्यापीठ विभागापुरता असेल तर तसे स्पष्ट म्हणा. महाविद्यालयांतही द्यायचा असेल तर शिक्षकांसाठी दोन दिवसांच्या कार्यशाळेची तयारी दाखवा. विभागांना शैक्षणिक स्वायत्तता दिलेली असेल तिथे विभागापुरत्या विषयांचा मार्ग जरा वेगळा असतो. तो आपल्या शैक्षणिक कक्षात विचारून घ्या.

मग विद्याशाखा आणि त्यानंतर विद्या परिषद. इथे तुमच्या विषयावर चर्चा होईल ही अपेक्षा सोडा. शेकडो पानांच्या विषयपत्रिकेत तो एक क्रमांक असतो आणि इतर पंचवीस अभ्यासक्रमांच्या गठ्ठ्यात मंजूर होतो. म्हणूनच जोडपत्र बिनचूक हवे. एक पान गहाळ असले किंवा क्रेडिटची बेरीज चुकली तर तुमचा विषय गठ्ठ्यातून बाहेर काढला जातो.

मंजुरी मिळाली, परिपत्रक निघाले, पेढे वाटले. थांबा. परीक्षा विभागाच्या प्रणालीत विषयाचा संकेतांक तयार झाला का? तो नसेल तर विद्यार्थ्याला परीक्षा अर्जात तुमचा विषयच दिसत नाही. सत्र सुरू होऊन दोन महिने झाल्यावर हे कळते आणि मग धावाधाव. परिपत्रकाची प्रत घेऊन परीक्षा विभागात स्वतः जा.

जून-जुलैत वर्ग सुरू व्हायचे असतील तर हा प्रवास आदल्या पावसाळ्यात सुरू करायला हवा. ऑगस्ट-सप्टेंबरात विभाग, दिवाळीच्या आसपास अभ्यास मंडळ, उन्हाळ्यापूर्वी विद्या परिषद. प्रत्येक विद्यापीठाचे पंचांग थोडे मागेपुढे होते, पण मार्चमध्ये डोक्यात आलेला विषय त्याच जूनला सुरू होत नाही.

पायरी चौथी : टिपणी लिहायला शिका

संशोधन निबंध लिहिणाऱ्याला एका पानाची टिपणी लिहिता येत नाही, हे मी वारंवार पाहिले आहे. आपण पार्श्वभूमीत रमतो. टिपणी वाचणारा माणूस दिवसाला साठ नस्त्या, म्हणजे फायली, हातावेगळ्या करतो. त्याला पाचच गोष्टी हव्या असतात: विषय काय, आधी काय झाले, कुठल्या तरतुदीखाली मागता, पैसे किती आणि कुठल्या लेखाशीर्षातून, आणि त्याने नेमके काय मान्य करायचे. शेवटची गोष्ट नवे लोक विसरतात. मंजूर व्हावा असा ठराव तुम्हीच शब्दांत लिहून द्या. बहुतेक वेळा तोच जसाच्या तसा इतिवृत्तात जातो. खर्च नसेल तर ‘या प्रस्तावामुळे विद्यापीठावर कोणताही अतिरिक्त आर्थिक भार पडणार नाही’ हे वाक्य खरे असल्याची खात्री करून घ्या आणि लिहा. त्या एका वाक्याने नस्ती वित्त विभागाची फेरी चुकवते.

पत्र नेहमी योग्य मार्गाने, म्हणजे विभागप्रमुखांमार्फत. आवक क्रमांक घ्या, पोच घ्या, फोटो काढून ठेवा. मग नस्ती साहाय्यकाकडून कक्ष अधिकारी, सहायक कुलसचिव, उपकुलसचिव, कुलसचिव अशी चढते आणि शेरे घेऊन उतरते. शेरे वाचता येणे ही कला आहे. ‘चर्चा करावी’ याचा अर्थ अधिकाऱ्याला एक शंका आहे आणि ती त्याला कागदावर आणायची नाही. त्याच दिवशी भेटा, पाच मिनिटांचे काम असते. ‘नियमानुसार कार्यवाही करावी’ म्हणजे जबाबदारी माझी नाही; खालच्या टेबलावर कोणीही हात लावणार नाही, तेव्हा नियमाचा क्रमांक देऊन पुन्हा सादर करा. ‘तपासून सादर करावे’ ही चांगली खूण आहे. ‘नस्तीबद्ध करावे’ म्हणजे संपले.

साहाय्यकाला आणि शिपायाला नावाने ओळखा. हे शिष्टाचार म्हणून सांगत नाही. नस्ती कुठे आहे हे कुलगुरूंना माहीत नसते, त्यांना असते.

पायरी पाचवी : बैठक, आणि त्याहून महत्त्वाचे इतिवृत्त

विषयपत्रिका आल्यावर मागच्या इतिवृत्ताला मान्यता देण्याचा पहिला विषय असतो. सगळे मान डोलावतात. तुम्ही डोलावू नका, वाचा. मागच्या बैठकीत जे ठरले तेच लिहिले आहे का, हे तपासण्याची ती शेवटची संधी. एकदा इतिवृत्त कायम झाले की ‘पण तेव्हा तर असं ठरलं होतं’ याला किंमत उरत नाही.

ठरावाचे शब्दही पारखून घ्या. ‘मान्यता देण्यात आली’ आणि ‘तत्त्वतः मान्यता देण्यात आली’ यांत एका वर्षाचे अंतर असू शकते. तत्त्वतः म्हणजे पैसे नाहीत. ‘नोंद घेण्यात आली’ म्हणजे कोणी काही करणार नाही. ‘अभ्यासासाठी समिती नेमावी’ हे दोन्ही प्रकारे वापरले जाते: कधी खरोखर अभ्यासासाठी, कधी थंड करण्यासाठी. फरक ओळखायचा तर समितीला मुदत दिली आहे का ते पाहा.

आयत्या वेळचे विषय हा स्वतंत्र प्रकार. अध्यक्षांच्या परवानगीने, कागद न वाटता, लोक घड्याळ पाहायला लागल्यावर येणारे. त्यातले बरेचसे निरुपद्रवी असतात. पण पैसा, नेमणूक किंवा कोणाचे अधिकार यांचा विषय असा आला तर ‘कागद वाचायला मिळावेत, पुढच्या बैठकीत घेऊ’ एवढे म्हणायला हरकत नाही. तरीही मंजूर झाला आणि तुमचा विरोध असेल तर तो नावासह नोंदवायला सांगा, आवाज न चढवता. नंतर व्हॉट्सअॅपवर लिहिलेला विरोध कुठल्याही इतिवृत्तात नसतो.

बोलायचे किती? पहिल्या वर्षी कमी. पण ज्या विषयाची आकडेवारी फक्त तुमच्याकडे आहे तिथे जरूर बोला. ‘गेल्या तीन वर्षांत या विषयाला इतके विद्यार्थी होते’ असे सांगणाऱ्याला सभागृह ऐकते.

पैसा आणि सह्या

संशोधन प्रकल्प मिळाला की आनंदाच्या भरात लोक एक गोष्ट करतात जी करू नये: दुसऱ्या संस्थेबरोबरच्या करारावर स्वतः सही. विद्यापीठाच्या वतीने करार करण्याचा आणि कागदपत्रांवर सही करण्याचा अधिकार कुलसचिवांचा आहे. तुम्ही प्रमुख संशोधक म्हणून सही कराल, पण पक्षकार विद्यापीठ असते. विभागप्रमुखांनी ‘करून टाका’ म्हटले तरी थांबा.

खरेदीला मर्यादा, कोटेशन, जेम हे सरकारी खरेदीचे पोर्टल, खरेदी समिती हे सगळे आहे आणि ते टाळता येत नाही. ३१ मार्च जवळ आला की सगळे विभाग एकदम खरेदीला धावतात आणि वित्त विभागात नस्त्यांचा ढीग होतो. उपकरण सप्टेंबरात मागा. उपयोगिता प्रमाणपत्राची तारीख निधी देणाऱ्या संस्थेच्या पत्रात असते, ती भिंतीवर लावा. ते वेळेत गेले नाही तर पुढचा हप्ता येत नाही. वेळेत हिशेब देणाऱ्याची पुढची नस्ती लवकर सुटते, हा माझा अनुभव आहे आणि तो बहुतेकांचा असेल.

पीएच.डी.चे मार्गदर्शकपद हाही एक निर्णय आहे, आपोआप मिळत नाही. विद्यापीठाची मान्यता घ्यावी लागते. यूजीसीच्या २०२२ च्या विनियमांप्रमाणे एका वेळी प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि साहाय्यक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी. विषयाला मान्यता देणाऱ्या समितीच्या बैठकांच्या तारखा आधी विचारा, विद्यार्थ्याला आश्वासन नंतर द्या.

कुलगुरू एकटे कधी ठरवू शकतात

तातडीची परिस्थिती असेल तर मंडळाची वाट न पाहता कुलगुरू कार्यवाही करू शकतात. कलम १२ चे सातवे पोटकलम. अट अशी की एरवी तो विषय ज्या मंडळाचा, त्याला लवकरात लवकर कारणांसह लेखी कळवायचे. मतभेद झाला तर कुलपती ठरवतील. हा अधिकार आवश्यक आहे, परीक्षेच्या आदल्या रात्री पूर आला तर बैठक बोलावता येत नाही. पण ‘बारा-सात’ हा शब्द एखाद्या विद्यापीठात रोज कानावर पडू लागला तर समजा की मंडळे नावापुरती उरली आहेत.

याचे महाराष्ट्रातले सर्वांत महाग उदाहरण मुंबई विद्यापीठाचे २०१७ चे. त्या उन्हाळ्यातल्या परीक्षांच्या लाखो उत्तरपत्रिका एकदम ऑनस्क्रीन पद्धतीने, म्हणजे स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर, तपासायचे ठरले. पूर्वतयारी पुरेशी नव्हती, शिक्षकांना सराव नव्हता, स्कॅनिंग मागे पडले. राज्यपालांनी निकालासाठी ३१ जुलैची मुदत दिली, तीही हुकली. परदेशी प्रवेश मिळालेले, पुढच्या वर्गाला जाणारे विद्यार्थी अडकून पडले, आणि ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. पद्धत मुळात वाईट नव्हती. पण त्या काळात निवडून आलेली अधिसभा नव्हती. पदवीधरांची निवडणूक झाली ती मार्च २०१८ मध्ये. एका विद्याशाखेत आधी करून पाहू, असा अडसर घालणारे कोणी सभागृहात बसलेले असते तर काय झाले असते, हे प्रत्येकाने आपापले ठरवावे. मला वाटते, निकाल वेळेत लागले असते.

आणि जे विद्यापीठात ठरतच नाही

पूर्णवेळ पदे. जागा किती भरायच्या, कधी भरायच्या, हे राज्य शासन ठरवते. सहसंचालकांचे कार्यालय, बिंदुनामावलीची तपासणी, वित्त विभागाची संमती, मग जाहिरात. विभागप्रमुखांना ‘पदे का भरत नाही’ म्हणून धारेवर धरण्यात अर्थ नाही.

विद्यापीठाचे नावही. पुणे विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्याचा ठराव अधिसभेने २०१३ मध्ये केला, पण नाव बदलले ते शासनाने निर्णय घेतल्यावर, २०१४ मध्ये. मराठवाड्यात तर विधिमंडळाचा ठराव १९७८ चा आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ चा. मधली सोळा वर्षे काय घडले ते मराठवाड्यातल्या कुठल्याही घरात सांगतील.

कायदाही बदलत राहतो. डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने एक दुरुस्ती विधेयक मंजूर केले: मंत्र्यांना प्र-कुलपती करायचे आणि कुलगुरूपदासाठीच्या नावांत शासनाचा हात वाढवायचा. वर्षभर रान पेटले, राज्यपालांची संमती मिळाली नाही, सरकार बदलले आणि ते विधेयक मागे घेतले गेले. तेव्हा कायद्याची पीडीएफ कुठल्या सालची आहे ते पाहून वाचा.

निवडणुका आणि संघटना

मतदार यादीत नाव आहे का, एवढे पहिल्या निवडणुकीला पाहा. आधी तात्पुरती यादी लागते, हरकतींना मुदत असते, ती गेली की पाच वर्षे बसा. मतदान पसंतीक्रमाने असते: नावापुढे १, २, ३ असे आकडे लिहायचे. शिकले-सवरलेले लोक टिकमार्क करून मत बाद करतात, दर निवडणुकीत. महाविद्यालयीन शिक्षकांच्या १० जागांतल्या ५ राखीव असतात: अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त-भटक्या, इतर मागासवर्ग आणि महिला.

पदवीधर गटात पक्षांची ताकद उघड लागते. मुंबईत ती निवडणूक जाहीर झाली, थांबली, न्यायालयात गेली आणि अखेर सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. शिक्षक गटात पक्षांपेक्षा संघटना चालतात: बुक्टू, पुक्टो, नुटा, राज्यस्तरावर एमफुक्टो. सदस्य व्हायचे की नाही हे तुमचे तुम्ही ठरवा, पण त्यांची पत्रके वाचा; सेवाशर्तींची माहिती विद्यापीठाच्या संकेतस्थळापेक्षा तिथे लवकर येते. प्राध्यापकांच्या २०१३ च्या परीक्षा-बहिष्कारातल्या ७१ दिवसांच्या पगाराचा प्रश्न पुढे वर्षानुवर्षे चालला. ‘सामील व्हा’ म्हणणाऱ्याला ती गोष्ट आधी विचारा, त्याच्याकडून बरेच शिकायला मिळेल.

तक्रार असेल तर

सेवेविषयीच्या तक्रारींसाठी विद्यापीठाची तक्रार निवारण समिती आहे. बडतर्फी किंवा पदावनतीसारखे गंभीर प्रकरण विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणाकडे जाते. कागद मिळत नसतील तर माहितीचा अधिकार आहे, पण तो पहिल्याच दिवशी वापरू नका. आधी साधे पत्र द्या. लैंगिक छळाची तक्रार मात्र विभागप्रमुखांमार्फत पाठवायची नसते. ती थेट अंतर्गत समितीकडे, लेखी, साधारणपणे तीन महिन्यांच्या आत. ‘आधी विभागात मिटवू’ असे कोणी सुचवले तर ऐकू नका.

पहिल्या वर्षी कुठल्या समितीला हो म्हणायचे

समित्या गळ्यात पडतातच. यूजीसीच्या २०१८ च्या विनियमांत पदोन्नतीच्या मूल्यमापनात प्रशासकीय, परीक्षेच्या आणि विद्यार्थी उपक्रमांच्या कामांना जागा आहे, तेव्हा सगळ्याला नाही म्हणून चालत नाही. प्रत्येक नेमणुकीचे पत्र मागून घ्या. तोंडी सोपवलेले काम कॅसच्या, म्हणजे पदोन्नतीच्या, फाइलमध्ये कुठे दिसणार? वेळापत्रक समिती घ्या, विभागाचे वर्कलोड तिथे उलगडते. अभ्यास मंडळाच्या उपसमितीत अभ्यासक्रम लिहायला बोलावले तर धावत जा. खरेदी समिती पहिल्या वर्षी नको, नियम कळेपर्यंत सही करू नका. स्नेहसंमेलनाची एक वर्ष घ्या, विद्यार्थी ओळखीचे होतात; दुसऱ्या वर्षी ती पुढच्या नव्या माणसाकडे द्या.

आणि अधिसभेची एक बैठक प्रेक्षक म्हणून पाहता येते का, कुलसचिव कार्यालयात विचारा. मार्चमधली पाहा. अर्थसंकल्पाचे पुस्तक आधी मागून घ्या, आपल्या विभागाचे पान उघडा आणि मागच्या वर्षी मंजूर झालेल्यातले खर्च किती झाले ते पाहा. खर्च न झालेली रक्कम दिसली तर दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांशी बोला. पुढच्या वर्षीच्या मागण्या पाठवायच्या तेव्हा ती टिपणी लिहायला तेच तुम्हाला सांगतील.